साठीच्या आसपास धावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत सकाळी धावताना, लग्नाच्या पंगतीत, दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवावीत म्हणून हे पान. मी डॉक्टर नाही. डाव्या गुडघ्यातली गादी फाटलेली, उजव्या टाचेमागची शीर अधूनमधून कुरकुरणारी, साठी ओलांडलेली आणि तरीही धावणारी बाई आहे. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाकीचं इथे वाचा.

या वयात धावून गुडघे झिजत नाहीत का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुधा न धावणाऱ्यांकडून येतो. गुडघा म्हणजे स्कूटरचं टायर अशी समजूत असते: जितके किलोमीटर, तितकी झीज. टायरला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही, सांध्याला थोडीफार येते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी तिच्यावर भार पडावा लागतो आणि उतरावाही लागतो. वर्षानुवर्षं बसून राहिलेला गुडघा त्यामुळे जपलेला गुडघा ठरत नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४ साली पन्नाशीपुढचे ५३८ धावणारे आणि त्यांच्या तुलनेसाठी ४२३ निरोगी न धावणारे लोक घेतले आणि दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के वारले होते, न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के. उठणं-बसणं, जिना, पिशव्या उचलणं यांतल्या अडचणीही धावणाऱ्यांना बऱ्याच उशिरा सुरू झाल्या. यातला काही भाग असाही असणार की मुळात धडधाकट माणसंच धावायला लागतात आणि धावत राहतात. पण धावणाऱ्यांचे गुडघे आधी गेले, असं काही त्यातून निघालं नाही.

गुडघ्यावर खरा परिणाम वजनाचा, जुन्या दुखापतीचा आणि घराण्याचा असतो. संधिवात बराच पुढे गेलेला असेल, गुडघा सुजत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पक्का निर्णय इंटरनेटवर होत नाही, या पानावरही नाही.

एमआरआयमध्ये मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटल्याचं आलंय. आता संपलं का?

नाही. पन्नाशीनंतर गुडघ्याचा एमआरआय काढला तर ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्याही गाद्या फाटलेल्या सापडतात. केस पिकतात तशातलीच ही गोष्ट, फक्त आत झाल्यामुळे दिसत नाही आणि रिपोर्टवर छापून आली की घाबरवते. २०१३ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी वयोमानाने फाटलेल्या मेनिस्कसच्या काही रुग्णांवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींवर नुसती लुटुपुटूची, म्हणजे छेद घेतला पण गादीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, सरळच होत नसेल, किंवा तरुणपणी खेळताना झालेली ताजी दुखापत असेल, तर हिशेब वेगळा. पण नुसत्या रिपोर्टवरून बूट कपाटात टाकू नका. माझा रिपोर्ट वाचून एका नातेवाइकाने मला काठी भेट द्यायची तयारी दाखवली होती. मांडीचे स्नायू घट्ट करायला महिने गेले, तेही कंटाळवाणे महिने, पण काठी आली नाही.

दुखत असताना धावायचं की नाही?

कुठे, किती आणि दुसऱ्या दिवशी काय, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. शून्य ते दहा अशी पट्टी धरली, तर धावताना तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, मात्र ते धावता धावता वाढता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं झालं पाहिजे. लंगडत धावावं लागत असेल तर थांबा. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर तो हाडाचा बारीक तडा असू शकतो. तिथे हिंमत दाखवायची नसते.

पेनकिलर घेऊन धावायला येणारे मला सगळ्यांत जास्त चिंतेत टाकतात. दुखणं झाकलं की हे तिन्ही प्रश्न विचारता येत नाहीत, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

सकाळी उठल्यावर टाचेमागे शीर आखडते. काय करू?

टाचेच्या मागच्या जाड शिरेला डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतात. साठीतल्या धावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. वयाबरोबर पोटरीचा जोर लवकर उतरतो, पाऊल आखूड पडू लागतं आणि शिरेची चिवटपणाने भार झेलायची ताकद कमी होते. विश्रांतीने दुखणं जातं, ताकद परत येत नाही, म्हणून धावायला लागल्यावर पुन्हा तेच.

स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम आजही दिला जातो. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहायचं, दोन्ही पायांवर वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. १५ वेळा असे ३ फेरे गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या पायऱ्या याला उत्तम. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा घरातल्या जिन्यावर करा आणि कठड्याला हात ठेवा. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटूनच असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नका, जमिनीवरच करा.

बारा आठवडे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. शिरेला रक्तपुरवठा कमी, ती स्वतःच्या गतीनेच सुधारते.

माझा वेग दरवर्षी कमी होतोय. मन खट्टू होतं. घड्याळ काढून ठेवू का?

ठेवायचं तर ठेवा, पण वेग का उतरतो हे आधी समजून घ्या, म्हणजे स्वतःला आळशी ठरवणं बंद होईल. हृदयाचे दर मिनिटाला पडू शकणारे जास्तीत जास्त ठोके वयाबरोबर कमी होतात, आणि कितीही सराव केला तरी ते परत वाढत नाहीत. शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. सराव चालू ठेवला तर उतार सौम्य राहतो. सपाट मात्र होत नाही.

कॅनडाचे एड व्हिटलॉक हे या बाबतीत माझे आवडते गृहस्थ. २००४ साली टोरांटोला वयाच्या ७३व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. सत्तरी ओलांडून तीन तासांच्या आत येणारे पहिले तेच, आदल्याच वर्षी. घराजवळच्या दफनभूमीत गोल गोल फेऱ्या मारून ते सराव करायचे. गुडघ्यांच्या दुखण्याने अधूनमधून महिनेच्या महिने बंद पडायचे, आणि पुन्हा पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करायचे. २०१६ साली ८५व्या वर्षी त्यांनी तीच मॅरेथॉन ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंदांत धावली. बारा वर्षांत तासाभराहून जास्त वेळ वाढला आणि तरी तो त्या वयोगटाचा जागतिक विक्रम होता. आता सांगा, ते मागे पडले म्हणायचं का?

वयानुसार वेळेचं मूल्यमापन करणारे तक्ते असतात. तुमची वेळ तुमच्या वयाच्या सर्वोत्तम वेळेशी ताडून टक्क्यांत सांगतात. चाळिशीतल्या स्वतःशी भांडण्यापेक्षा ते बरं.

पण खरं सांगा, इतकं हळू, इतकं कमी धावण्यात आनंद कसला?

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारणारा पूर्वी चांगला धावत असतो.

चालणं आणि धावणं यांतला फरक वेगाचा नाही. चालताना एक ना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. धावताना प्रत्येक पावलामध्ये एक लहानसा क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात. भराभर चालणारा तरुण मला कांपालच्या फुटपाथवर सहज मागे टाकतो, पण तो क्षण त्याच्या चालण्यात नसतो आणि माझ्या रखडत धावण्यात असतो. गुडघा बिघडल्यावर जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली, तेव्हा मला गेलेल्या वेगाची हळहळ वाटली नाही, पदकांची तर नाहीच. त्या क्षणाची वाटली. फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा एक मिनिट धावायला सांगितलं तेव्हा तो परत आला, एका मिनिटापुरता.

तरुणपणी धावता येणं गृहीत असतं, म्हणून त्यावरचा वेग, अंतर, क्रमांक यांचाच हिशेब चालतो. आता धावता येणं हीच बातमी असते. सकाळी पलंगावरून उतरताना टाच आणि गुडघा काय म्हणतात ते कळतं, आणि दोघांनी परवानगी दिली की मी बूट बांधते. अशा दिवशी मांडवीवरचा वारा, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा, घामाने चिकटलेला टीशर्ट, सगळंच बोनस. ज्या दिवशी परवानगी मिळत नाही त्या दिवशी चिडचिड होते. ती होतेच, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. घरच्यांना विचारा.

यात कृतज्ञतेची वही वगैरे काही लागत नाही. शरीर कमावलेलं आहे ही समजूत सुटली, ते वापरायला मिळतंय एवढं लक्षात आलं, की तीन किलोमीटरही पुरतात.

मध्ये मध्ये चाललं तर ते धावणं धरायचं का?

धरायचं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ठरवून चालत-धावत अंतर कापण्याची पद्धत जगभर रुजवली. दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी चालायचं. सुरुवातीला एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल.

गोव्यात कुठे धावावं?

पणजीकरांसाठी कांपाल ते मिरामार हा बांदोडकर मार्गाचा पट्टा सोपा: सपाट, सावलीचा, बाजूला नदी. पहाटे तिथे कॅसिनोतून बाहेर पडणारे आणि धावायला निघालेले समोरासमोर येतात. दोघांचेही डोळे तांबारलेले, एकमेकांची कीव करत पुढे जातात. मिरामारहून पुढे दोनापावलापर्यंत गेलात तर शेवटचा चढ ध्यानात ठेवा. चढ मुद्दाम हवा असेल तर आल्तिनो आहेच, पण गुडघा दुखरा असणाऱ्यांनी चढ धावावा आणि उतार चालावा. उतारावर मांडीच्या स्नायूला शरीर आवरून धरावं लागतं आणि गुडघ्याला तेच झोंबतं.

पाटो ते रायबंदर हा बांध १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात बांधला. दोन्ही बाजूंना पाणी, मिठागरं, बगळे. सुंदर आहे, पण वाहनं अंगावरून जातात. रविवारी भल्या पहाटेच जा, येणाऱ्या वाहनांच्या समोरून धावा. माझं मत विचाराल तर दिवाडी. फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला तिकीट नाही, बेटावर रहदारी नगण्य, शेतांमधून सपाट रस्ता. पियेदादच्या टेकडीवर चढायची सक्ती नाही. मडगावकरांना फातोर्ड्याच्या स्टेडियमचा परिसर सोयीचा, शिवाय सासष्टीच्या किनारपट्टीवर कोलवा, बाणावली आहेतच.

किनाऱ्यावर धावणं चित्रात छान दिसतं, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढ्याच वेगाला सुमारे दीडपट-पावणेदोनपट ऊर्जा लागते आणि टाचेची शीर वाजवीपेक्षा ताणते. ओहोटीला ओली घट्ट वाळू सापडते, तिथे धावा. किनारा पाण्याकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे दोन्ही कमरांना सारखा त्रास. अनवाणी धावायची हौस असेल तर फुटक्या बाटल्या बघून. मधुमेहामुळे तळपायाला बधिरता असेल तर अनवाणी अजिबात नाही. काच रुतल्याचं कळणारसुद्धा नाही.

उकाडा आणि पावसाचं काय करायचं?

आपल्याकडे पारा फार चढत नाही, पण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. वय वाढलं की घाम उशिरा सुटतो आणि तहानही उशिरा कळते. एप्रिल-मे महिन्यांत सहाच्या सुमारास उजाडतं, तोवर निम्मं धावणं झालेलं असावं. त्या दिवसांत वेगाचं नाव काढायचं नाही. बरोबरच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर आणखी हळू. डोकं हलकं होणं, अंगावर काटा येणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर थांबून सावलीत बसा आणि कुणाला तरी सांगा.

पाऊस मला आवडतो. जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिमी पडतो, त्यातला थोडा अंगावर घ्यायला हरकत नाही. भीती घसरण्याची असते: शेवाळलेले चिरे, रंगवलेले झेब्रा पट्टे, गटारांवरची लोखंडी जाळी. विजा असतील तर घरी बसा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन जोड आलटून पालटून वापरा.

धावून आल्यावर काय खावं?

पेज. खारातली कैरी, म्हणजे आमची तोर, आणि मीठ. पिष्ट, पाणी आणि मीठ एका वाडग्यात येतं, आणि त्यासाठी परदेशी पावडरचा डबा घ्यावा लागत नाही. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं मात्र जास्त लागतात, म्हणून सोबत अंडी, मासे, मूग नाहीतर डाळ हवी. रक्तदाबामुळे मिठाचं पथ्य असेल तर खार विसरा.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. चालेल?

डॉक्टरांना विचारून, बहुधा चालेल. काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्यांनी, नाडीचा वेग फारसा वाढत नाही. मग मनगटावरचं घड्याळ सांगतं "सोपं चाललंय" आणि तुमचा जीव चाललेला असतो. घड्याळ सोडा, बोलता येतंय का ते बघा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणं, नेहमीच्याच चढावर अचानक धाप, चक्कर: यातलं काही झालं तर त्याच दिवशी इस्पितळात. "गॅस असेल" हे आपलं राष्ट्रीय वाक्य आहे आणि ते फार लोकांना महागात पडलंय.

बायकांनी वेगळं काही बघायचं का?

हो. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. धावण्याचा हादरा हाडांना हवा असतो, पण ती आधीच फार ठिसूळ झाली असतील तर तोच तडा देतो. म्हणून डॉक्टरांना विचारून घनतेची तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व बघा, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला. पाण्याची भरलेली कळशी चालते. धावताना लघवी थेंबथेंब जाते म्हणून गुपचूप धावणं सोडलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने बहुतेकींना त्यात फरक पडतो. लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

कुत्री मागे लागतात.

धावणं थांबवा, पाठ न दाखवता चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी आरोग्य केंद्रात लस घ्यायला जा.

गुडघा बदललाय. धावू शकेन?

बहुतेक शल्यविशारद नको म्हणतात. चाला, पोहा, सायकल चालवा. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचा शब्द शेवटचा.

मुलगा म्हणतो, "आई, पुरे आता." शेजारी हसतात.

शेजाऱ्यांचं सोपं आहे. "खंय धांवता गो, बस चुकली?" असं विचारणारे थोड्या महिन्यांनी कंटाळतात, आणि त्यांतलीच एखादी हळूच बूट कुठले घ्यायचे ते विचारते. मुलाची भीती खरी असते, तिची टिंगल करू नका. मोबाईल बरोबर ठेवा, कुठल्या वाटेने जाताय ते सांगून जा, खिशात नाव, रक्तगट आणि गोळ्यांची चिठ्ठी असू द्या. आणि त्याला एकदा बरोबर न्या. पहिल्याच किलोमीटरला तो मागे पडला तर काही बोलू नका.

स्पर्धेत उतरावं का?

आवडत असेल तर. वास्कोची रिव्हर मॅरेथॉन आहे, २०१९ पासून मिरामारला आयर्नमन ७०.३सुद्धा आलंय: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. मी ते रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवण्यापुरतंच अनुभवते. तुमच्या वयोगटात तिघंच असतील तर तिसरा क्रमांक नक्की.

चवथीच्या दिवसांत सराव कसा सांभाळायचा?

सांभाळायचा नाही. माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची मांडणी) बांधायची असते, पाहुणे असतात, नेवऱ्या (करंज्या) असतात. आठवडाभराच्या खंडाने काही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे गेले तर नेहमीच्या निम्म्या अंतरापासून सुरू करा. महिन्याहून जास्त गेला तर परत एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. नेवऱ्या किती खाल्ल्या ते मला सांगू नका, मीही सांगणार नाही.